मे महिन्यातली झड, तीन अंदाज आणि भिजलेला कांदा

पातीखालचा कांदा (निफाड तालुका), १९ जून २०२५

नमस्कार मंडळी. येथे हवामानाची जाण असलेले काही सदस्य आहेत असे जुन्या चर्चांवरून दिसते, म्हणून थोडे सविस्तर विचारतो.

यंदा पाण्याच्या पाळ्यांमुळे आमची उन्हाळ कांद्याची लागवड जानेवारीच्या अखेरीपर्यंत लांबली आणि काढणी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यावर गेली. एरवी याची फारशी काळजी नसते. आमच्याकडे मे महिन्यातला पाऊस म्हणजे वळीव. दुपारपर्यंत अंगाची लाही होते, चारच्या सुमारास एका अंगाने आभाळ भरून येते, वावटळ उठते, अर्धा-पाऊण तास झोडपून पाऊस निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता जमीन पुन्हा तापलेली असते. अशा पावसात वाढलेल्या माणसाने उपटलेला कांदा चार दिवस पातीखाली वाळत ठेवला, तर त्यात वेडेपणा काही नाही. माझे आजोबाही तेच करत. यंदा मात्र मे महिन्यात श्रावणासारखी झड लागली. ऊन पडेना, आणि पाऊस दुपारची वेळ सोडून पहाटे, रात्री, केव्हाही येऊ लागला.

काढणीचा दिवस ठरवण्यापूर्वी मी तीन ठिकाणी पाहिले. मोबाइलवरील ॲप आमच्या गावाच्या नावापुढे पावसाची शक्यता २० टक्के दाखवत होते. जिल्ह्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस’ असे लिहिलेले होते. गावातल्या व्हॉट्सॲप गटावर एका ‘अभ्यासकाचा’ संदेश फिरत होता, त्यात आमच्या भागात तीन दिवस उघडीप राहील असे छातीठोकपणे सांगितले होते. तिन्ही अंदाज एकाच बाजूला झुकलेले पाहून मी मजूर लावले आणि दीड एकर कांदा उपटला. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि सकाळी सरींमध्ये घोट्याएवढे पाणी उभे होते. माझ्या शेतापासून चार किलोमीटरवर असलेल्या मेहुण्याच्या वस्तीवर त्याच रात्री अंगण ओले होण्यापुरताही पाऊस झाला नव्हता.

याच्या उलट प्रकारही घडला. त्यानंतरच्या आठवड्यात सगळीकडून वादळी पावसाचे इशारे येऊ लागले, म्हणून मी उरलेली काढणी चार दिवस थांबवली. त्या चार दिवसांत आमच्या शिवारात एक थेंब पडला नाही. मजूर दुसरीकडे गेले आणि जमिनीतला कांदा ओलीमुळे खालून नासू लागला. पुढे मॉन्सून विक्रमी लवकर आल्याच्या बातम्या झळकल्या. त्या वाचून शेजारच्या दोघांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात मका टाकला आणि नंतर दहा-बारा दिवस आभाळाकडे पाहत बसले.

वेधशाळेला शिव्या घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. उपग्रह आणि महासंगणक असताना एका तालुक्यापुरता, दोन दिवसांपुरता अंदाज बरोबर का येत नाही, आणि माझ्यासारख्याने या तिन्हींपैकी कशावर किती भरवसा ठेवावा, हे मला समजून घ्यायचे आहे. पुढच्या मे महिन्यातही कांदा काढायचा आहेच.


साडेआठची नोंद (पुणे), १९ जून २०२५

दादा, आपले नुकसान वाचून वाईट वाटले. मी अनेक वर्षे एका वेधशाळेत निरीक्षक म्हणून काम केले आहे. अंदाज वर्तवणे हे माझे काम नव्हते. पर्जन्यमापकातले पाणी मोजून ते वर कळवणे हे माझे काम होते. त्यामुळे अंदाजाची बाजू घेण्याचे मला कारण नाही, पण त्यातले शब्द कोठून येतात ते मी सांगू शकतो.

आपण जो ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द वाचला, त्याला बोलीभाषेतला अर्थ लावला आणि तेथेच घोटाळा झाला. आपण समजलात की पाऊस किरकोळ असेल. प्रत्यक्षात हा शब्द पाऊस किती पडेल याबद्दल काहीच सांगत नाही, तो किती जागी पडेल एवढेच सांगतो. हवामान खात्याच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त एक-चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे साधारण निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे तीन-चतुर्थांशांपर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. पाऊस किती, हे वेगळ्या शब्दांनी सांगितले जाते: २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक झाला की तो ‘जोरदार’, ११५.६ च्या पुढे ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ हे वाक्य ऐकायला विसंगत वाटले तरी त्यात विसंगती नाही. थोड्या गावांवर पडेल, पण जेथे पडेल तेथे धुऊन काढेल, असा त्याचा अर्थ आहे. आपले शेत ‘तुरळका’त सापडले आणि मेहुण्यांची वस्ती सापडली नाही. कागदावर तो अंदाज बरोबर ठरला असणार, आणि मला ठाऊक आहे की हे ऐकून आपल्याला अधिकच राग येईल.

‘२४ तास’ हा शब्दही फसवा आहे. आमचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. रात्री दोनला पडलेला पाऊस आपल्या लेखी ‘आजचा’ असला, तरी नोंदवहीत तो आदल्या दिवसापासून चालू असलेल्या चोवीस तासांत धरला जातो. अनेकांच्या मनात ‘अंदाज एक दिवस चुकला’ अशी जी अढी बसते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते.

आता वळवाचे स्वरूप पाहा. वळवाचा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो. तो उंचीने मात्र दहा-बारा किलोमीटरपर्यंत जातो आणि जन्मापासून विरेपर्यंत त्याचे आयुष्य तासाभराचे, फार तर थोडे अधिक असते. अंदाज करणारी संगणकीय प्रारूपे पृथ्वीच्या पृष्ठभागाचे चौकोन पाडून एकेका चौकोनासाठी गणित करतात. आपल्या देशात हा चौकोन १२ किलोमीटर बाजूचा होता. २६ मे २०२५ रोजी, म्हणजे मुंबईत मॉन्सून दाखल झाला त्याच दिवशी, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ६ किलोमीटरच्या चौकोनाची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित झाली. तरी सहा किलोमीटरच्या चौकोनात चार-पाच गावे सहज बसतात आणि वळवाचा ढग त्यातल्या एकाच गावावर कोसळू शकतो. हवा तापलेली आहे, खालच्या थरात बाष्प आहे, वरचा थर गार आहे, तेव्हा आज दुपारनंतर नाशिक जिल्ह्यात ढग उभे राहतील, एवढे आदल्या दिवशी सांगता येते. त्यातला पहिला ढग चांदवडला उभा राहील की निफाडला, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही.

ॲपवरील टक्केवारीबद्दल दोन शब्द. ही ॲप बहुधा जगभराच्या प्रारूपांचे आकडे घेऊन आपल्या गावाच्या नावापुढे मांडतात. गावाचे नाव दिसते म्हणून तो अंदाज गावाचा असतो असे नाही. तो चौकोनाचा असतो. शिवाय तासवार पडद्यावर दिसणारे २० टक्के त्या एका तासापुरते असतात. रात्रीच्या आठ-दहा तासांपुढे प्रत्येकी २० टक्के लिहिलेले असेल, तर एकूण रात्रीची शक्यता २० टक्क्यांहून पुष्कळ जास्त होते.

शेवटी व्यवहाराचे बोलतो. पाऊस येईल की नाही, या प्रश्नापेक्षा ‘आला तर किती जाईल आणि झाकायला किती लागेल’ हा हिशेब आधी मांडावा. समजा ताडपत्री आणि मजुरी मिळून एका वेळच्या झाकपाकीला पाच हजार लागतात आणि माल भिजला तर पन्नास हजारांचे नुकसान होते. मग शक्यता दहापैकी एक एवढी कमी असली तरी झाकणे परवडते. वीस टक्के म्हणजे पाचांत एक. त्या हिशेबाने आपण त्या रात्री झाकायला हवे होते, आणि उरलेल्या चार रात्री झाकून पाऊस आला नसता तरी तो खर्च वाया गेला असे समजायचे कारण नव्हते.


आगोट (दापोली), २० जून २०२५

साडेआठकाकांनी वळवाचे सांगितले ते पटले. पण यंदाच्या मे महिन्यात वळवापेक्षा वेगळे काहीतरी झाले आणि ते आम्ही किनाऱ्यावर जवळून पाहिले, म्हणून लिहिते.

आमच्याकडे मे महिना हा बेगमीचा महिना असतो. पावसाळ्यापूर्वीच्या या दिवसांनाच आम्ही आगोट म्हणतो. कोकमाची सोले सात-आठ दिवस उन्हात वाळवायची, रोज पुन्हा रसात बुडवायची. फणसाची आणि आंब्याची साठे ताटांवर ओतायची. सांडगी मिरची, कुरडया, पापड करायचे. लाकूडफाटा आणि पेंढा आत घ्यायचा. या सगळ्याला कडक ऊन लागते, आणि ते मिळणार हे आम्ही इतके गृहीत धरलेले असते की त्यासाठी अंदाज पाहण्याची वेळ पूर्वी येत नसे. यंदा आमसुलांना बुरशी आली, साठे चिकटच राहिली, आणि उशिराचा हापूस झाडावरच डागाळला किंवा गळून पडला. उशिराच्या मोहोराचे फळ मेच्या अखेरीस काढायचे म्हणून ज्यांनी थांबवले होते, त्यांचा बहुतेक माल गेला.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या आठवड्यात अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असल्याचे आम्हांला दोन-तीन दिवस आधीपासून सांगितले जात होते. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असे कळवलेले होते. ते क्षेत्र तीव्र झाले आणि २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून आत गेले. आमच्या वाडीतल्या होड्या तोवर वर ओढून ठेवलेल्या होत्या. जे संकट शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि काही दिवस टिकते, ते आधी दिसते. जे एका पाखाडीपुरते आणि एका तासापुरते असते ते दिसत नाही, असा माझा अनुभव आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले तेव्हाही इशारे आधीपासून मिळत होते.

मी गेली सहा वर्षे अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज मोजते. खाली बंदरावर माझी मैत्रीण मोजते. आमच्यातले अंतर तीन किलोमीटर आणि एका घाटीचा चढ एवढेच आहे. जुलैमध्ये आमचे आकडे जवळजवळ सारखे येतात, मे आणि ऑक्टोबरमध्ये मात्र एकीकडे चाळीस आणि दुसरीकडे चार असेही येतात. यंदाच्या मे महिन्यात, पहिल्यांदाच, आमचे आकडे जुलैसारखे जुळले. त्यावरूनच मला वाटले की हा पाऊस वळवाचा नव्हे.


कोरडवाहू (माजलगाव), २० जून २०२५

वरची दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, पण त्यांतून असा सूर निघतो की अंदाज बरोबर होता आणि वाचणारा चुकला. तो सूर मला मान्य नाही.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे एक-चतुर्थांश केंद्रे, हे कोणत्या शेतकऱ्याला कोणी कधी सांगितले? बातमीत तो शब्द येतो, त्याची व्याख्या येत नाही. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली नसेल आणि रोग्याने चुकीची घेतली, तर दोष एकट्या रोग्याचा कसा? आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी जुलै २०१७ मध्ये दिंद्रुड पोलीस ठाण्यात थेट हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली होती, कारण चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरण्या केल्या आणि पावसाने ओढ दिली. शहरातल्या लोकांना ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती. ज्या खताची आणि बियाण्याची उधारी डोक्यावर असते, तिची फिर्याद कोठे द्यायची हे त्यांना कळत नव्हते, एवढेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जिल्ह्याचा अंदाज तालुक्याच्या पातळीवर आणून, पिकाच्या अवस्थेशी जोडून, मराठीत समजावून सांगणारी माणसे होती. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये ग्रामीण कृषी मौसम सेवेखाली जिल्हा कृषी हवामान केंद्रे चालत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, सल्ला निघे: फवारणी पुढे ढकला, काढलेला माल झाका, जनावरे झाडाखाली बांधू नका. देशभरातील अशी १९९ केंद्रे २०२४ मध्ये आर्थिक वर्षाच्या अखेरीस बंद करण्यात आली. प्रारूपाचा चौकोन बारावरून सहा किलोमीटरवर आला याचे कौतुक जरूर करावे, पण तो चौकोन गावापर्यंत पोहोचवणारा माणूस मधल्या मध्ये काढून घेतला, हेही त्याच श्वासात सांगावे.

ही मोकळी झालेली जागा कोणी भरली, ते निफाडच्या दादांनी लिहिलेच आहे. व्हॉट्सॲपवरचा अभ्यासक शक्यता सांगत नाही. तो तारीख सांगतो, तालुक्याचे नाव घेतो आणि खणखणीत आवाजात सांगतो. दहा तारखा सांगितल्या की दोन बरोबर येतात आणि लोक त्या दोनच लक्षात ठेवतात. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घटातले धान्य पाहून पावसाचे भाकीत सांगितले जाते; त्याला निदान परंपरेचा मान तरी आहे आणि ते कोणाच्या मजुरांचा दिवस ठरवत नाही. या नव्या भाकितांवर मात्र लोक दुसऱ्या दिवशीच्या कामाची आखणी करतात.

माझी साडेआठकाकांना एवढीच विनंती आहे की पाच हजार आणि पन्नास हजारांचा हिशेब मांडताना, ते पाच हजार दर वेळी हातात असतातच असे धरू नये.


साडेआठची नोंद (पुणे), २१ जून २०२५

कोरडवाहू दादांचा आक्षेप मी स्वीकारतो. शब्दांची व्याख्या सामान्य वाचकापर्यंत पोहोचवण्यात आम्ही सगळेच कमी पडलो. मी स्वतः इतकी वर्षे त्या शब्दांमध्ये राहून त्यांचा अर्थ शेजाऱ्यालाही कधी सांगितला नाही. जिल्हा केंद्रांबद्दल आपण लिहिले तेही खरे आहे. पाच हजारांबद्दलचा टोला योग्य जागी बसला.

दापोलीच्या ताईंचे निरीक्षण मात्र मला फार मोलाचे वाटते. तीन किलोमीटरवरच्या दोन मापकांचे आकडे जुळणे, हीच यंदाच्या मे महिन्याची खरी ओळख आहे. महिन्याच्या पूर्वार्धात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून सरकत येणारी कमी दाबाची क्षेत्रे) आणि दोन्ही समुद्रांवरून येणारे बाष्प यांमुळे वादळी पाऊस झाला, तो वळवाच्याच जातीचा होता. २० तारखेनंतर अरबी समुद्रातल्या कमी दाबाने जो पाऊस दिला तो पसरलेला होता, आणि त्याच्या पाठोपाठ मॉन्सून आला. केरळमध्ये तो २४ मे रोजी पोहोचला. २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. मुंबईत २६ मे रोजी आला. तेथील सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि नोंदींमध्ये याहून आधीची तारीख नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ पासूनचा उच्चांक मोडला. देशाचा विचार केला तर १९०१ पासूनच्या नोंदींत हा सर्वांत जास्त पावसाचा मे ठरला. अशा महिन्यात आजोबांचा अनुभव आणि संगणकाचे गणित दोन्ही अडखळले तर नवल नाही. अनुभव म्हणजेदेखील मागच्या वर्षांची सरासरीच, आणि या वर्षाने ती सरासरी बाजूला ठेवली.

केरळच्या आगमनाचा अंदाज २७ मे, चार दिवस अलीकडे-पलीकडे, असा दिलेला होता. प्रत्यक्ष तारीख त्या मर्यादेत बसली, हे नोंदवून ठेवतो.

निफाडच्या दादांनी शेजाऱ्यांच्या मक्याबद्दल लिहिले आहे, ते मला सर्वांत जास्त खटकले, कारण ती चूक टाळता येण्यासारखी होती. ‘राज्यात मॉन्सून दाखल’ ही बातमी खरी होती, पण मॉन्सूनची उत्तर सीमा, म्हणजे तो जेथवर पोहोचला ती रेषा, मे महिन्याच्या अखेरीस मुंबई, अहिल्यानगर, अदिलाबाद अशी येऊन थांबली आणि २९ मेपासून १६ जूनपर्यंत तेथून हलली नाही. नकाशा समोर ठेवा. निफाड त्या रेषेच्या उत्तरेला आहे. म्हणजे शेजाऱ्यांनी मका टाकला तेव्हा त्यांच्या शिवारात मॉन्सून आलेलाच नव्हता; जमिनीत जी ओल होती ती मे महिन्याच्या पावसाची होती. ही रेषा हवामान खाते रोज प्रसिद्ध करते. बातम्यांमध्ये मात्र ‘राज्य’ हा एकच शब्द येतो, आणि राज्य सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत पसरलेले आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला यंदा मे महिन्यातच दिला गेला होता, पण जमीन ओली दिसत असताना तो कोणाच्या गळी उतरणार?


पातीखालचा कांदा (निफाड तालुका), २१ जून २०२५

सर्वांचे आभार. रेषेची गोष्ट मला खरोखर माहीत नव्हती. शेजाऱ्यांना दाखवली, एकाने नकाशा दोनदा मोठा करून पाहिला आणि काही न बोलता उठून गेला.

एक शंका अजून उरते. दोन दिवस आधी सांगता येत नाही हे समजले. पण ढग उभा राहिल्यावर तर तो रडारवर दिसत असेल? दोन तास आधी कळले तरी घरची चार माणसे मिळून ताडपत्री टाकू शकतो. त्यासाठी मजूर लागत नाहीत आणि पाच हजारही लागत नाहीत.


साडेआठची नोंद (पुणे), २१ जून २०२५

दिसतो, आणि आपल्यासारख्यांसाठी खरा उपयोग तेथेच आहे. पुढच्या तीन तासांपुरता जो तात्काळ अंदाज दिला जातो, तो रडार आणि उपग्रहावरूनच दिला जातो आणि दोन दिवस आधीच्या अंदाजाहून तो कितीतरी अधिक विश्वासार्ह असतो. अडचण एवढीच आहे की त्याचे आयुष्य तीन तासांचे असते आणि बातमीपत्रात किंवा गटावर तो पोहोचेपर्यंत शिळा झालेला असतो. तो स्वतः उघडून पाहावा लागतो. ‘मौसम’ आणि ‘मेघदूत’ ही ॲप त्यासाठी आहेत. विजेसाठी ‘दामिनी’ आहे आणि शेतात माणसे असतील तेव्हा ते ॲप चालू ठेवणे मी कांद्यापेक्षाही महत्त्वाचे मानतो.

रडारची एक मर्यादा मात्र जाणून घ्या. मुंबईची रडार कुलाबा आणि वेरावली येथे आहेत. तेथून निफाड सरळ रेषेत १७० ते १९० किलोमीटर पडते. रडारचा किरण किंचित वर रोखलेला असतो आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे आपल्या डोक्यावर येईपर्यंत तो तीन ते चार किलोमीटर उंचीवरून जातो. शिवाय मध्ये सह्याद्री आहे. वळवाचा उंच ढग त्याला सापडतो. मे महिन्याच्या अखेरीस आला तसा बुटक्या ढगांचा, रात्रभर रिपरिपणारा पाऊस त्याला नीट सापडेलच असे नाही. तेव्हा रडार स्वच्छ दिसले म्हणून निर्धास्त झोपू नका; पश्चिमेचा वारा दमट लागत असेल तर ताडपत्री उशाशी असू द्या.

आणखी एक. आपल्या महसूल मंडळात ‘महावेध’चे स्वयंचलित हवामान केंद्र असेल, राज्यभर अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. हवामानावर आधारित फळपीक विम्यात त्याच केंद्राचा आकडा धरला जातो. आपल्या शेतावर किती पडला आणि मंडळाच्या केंद्रावर किती नोंदला गेला, यातला फरक आपल्याजवळ लिहिलेला असणे केव्हाही बरे.


आगोट (दापोली), २२ जून २०२५

दादा, मापक विकत घ्यायचे नसेल तर सरळ भिंतीचा, तळ आणि तोंड सारख्या मापाचे असलेला कोणताही डबा चालतो. निमुळती बादली नको. तोंड जमिनीपासून साधारण एक फूट उंच ठेवा आणि झाड किंवा भिंत यांच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर सोडा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजा आणि डबा रिकामा करा. पंचवीस मिलिमीटर भरला म्हणजे आपल्या एका एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडले, हे पहिल्यांदा हिशेब करून पाहिले तेव्हा मी चकित झाले होते.

मेहुण्यांनाही एक डबा ठेवायला सांगा. चार किलोमीटरवरचे दोन आकडे रोज शेजारी लिहिले की आपल्या भागातला वळीव कोठून येतो आणि कोणत्या टेकडीपाशी फुटतो, हे दोन-तीन वर्षांत कळू लागते.


पातीखालचा कांदा (निफाड तालुका), २२ जून २०२५

ताई, डबा ठेवला. तेलाचा पाच लिटरचा चौकोनी डबा वरून कापून घेतला आहे आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तीन विटांच्या मध्ये बसवला आहे. मेहुणे हसले, पण त्यांनीही ठेवला.

आज सकाळी साडेआठला माझ्याकडे अकरा मिलिमीटर आणि त्यांच्याकडे नऊ. कांदाचाळीत (साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये) भरलेल्यापैकी वरच्या थरातला कांदा काल निवडून काढला. पाच ट्रॉलींमागे साधारण एक ट्रॉली फेकावी लागली. भिजलेला आणि न भिजलेला माल वेगळ्या कप्प्यांत ठेवला असता तर बरे झाले असते, पण त्या दिवशी ते सुचले नाही. ओला झालेला कांदा सावलीत पुन्हा सुकवून चाळीत ठेवण्याचा कोणाला अनुभव असल्यास वेगळा धागा काढतो, तेथे जरूर लिहावे.